हरणाऱ्या संघाला वेळ किती द्यावा?

श्रोतेहो, संघ हरू लागला की पहिली ओरड होते ती चालकांच्या नावाने. "मास्तर बदला", "कप्तान बदला", "कमिटीच बदला बाप्पा!" शाळेचा कबड्डीचा संघ तालुक्याला पहिल्याच फेरीत गारद झाला तरी पारावर हाच निकाल लागतो, आणि मोठा कारभार असलेल्या क्रिकेटच्या संघाबद्दलही हाच. ही ओरड नेहमीच खोटी असते असे मी म्हणणार नाही. कित्येक चालक बदलण्याच्याच लायकीचे असतात. पण कोणाला वेळ द्यावा आणि कोणाला देऊ नये, हे ओळखायचे कसे? आपल्या विदर्भाच्या रणजी संघाची हकीकत या प्रश्नाला फार उपयोगी पडते, म्हणून ती आज सांगतो.

रणजी करंडक ही देशातल्या राज्यांच्या आणि प्रदेशांच्या संघांची मोठी स्पर्धा. सामने चार-पाच दिवसांचे. विदर्भ या नावाने आपला संघ तिच्यात उतरला 1957-58 साली, आणि करंडक पहिल्यांदा हाती आला तो 2017-18 च्या हंगामात. मध्ये साठ वर्षे गेली. 2002-03 पासून स्पर्धेत वरचा आणि खालचा असे दोन गट पाडले गेले, तेव्हाही आपला मुक्काम बरीच वर्षे खालच्याच गटात होता. आता, साठ वर्षे थांबलो याला काही धीर म्हणत नाहीत. ती सवय झाली होती. हरण्याचे कोणाला दुःखही फारसे नव्हते. खऱ्या धीराचा काळ म्हणायचा तो शेवटच्या आठ-दहा वर्षांचा.

या काळात काय झाले? 2008 साली नागपूरजवळ जामठ्याला मोठे मैदान झाले, ते सर्वांना दिसले. न दिसणारे काम वेगळेच चालले होते. विदर्भ क्रिकेट संघटनेने मुलांसाठी निवासी अकादमी काढली, लहान वयाच्या संघांकडे लक्ष दिले, आणि भारताकडून खेळलेले प्रशांत वैद्य यांच्यासारख्या जाणत्या माणसाकडे खेळाची बाजू सोपवली. चौदा वर्षांचा पोरगा अशा ठिकाणी दाखल झाला, तर रणजीच्या लायकीचा व्हायला त्याला सात-आठ वर्षे सहज लागतात. तोवर मोठा संघ हरतच असतो. आणि वर्तमानपत्रात येतो तो मोठ्या संघाचाच धावफलक! लहान पोरांनी काय केले ते कोपऱ्यात दोन ओळींत.

वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागाईतदाराला हे निराळे समजावून सांगायला नको. कलम लावल्यावर पाच-सहा वर्षे ते नुसते खातपित असते, देत काही नाही. पुढे झाड मोठे झाले तरी आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत त्याचे पाणी तोडावे लागते. झाड मलूल होते, पाने गळतात. रस्त्याने जाणाऱ्याला वाटते, बाग गेली. मालकाला ठाऊक असते की हा ताण आहे. परंतु ताण किती दिवसांचा, हेही त्यालाच कळले पाहिजे. नाहीतर झाड खरोखरच जाते.

तेव्हा पहिली विचारपूस करावी ती कलमांची. चालक म्हणतात, "थोडे थांबा." बरे, थांबतो, पण खाली पोरे तयार होत आहेत का, ते दाखवा. विदर्भाच्या बाबतीत ते दाखवता येत होते. ज्या हंगामात मोठ्यांनी रणजी जिंकली, त्याच 2017-18 मध्ये आपल्या एकोणीस वर्षांखालील पोरांनी कूचबिहार करंडकही जिंकला. कप्तान होता अकोल्याचा अथर्व तायडे, आणि अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाविरुद्ध त्याने एकट्याने 320 धावा काढल्या. अकोल्याचाच आदित्य ठाकरे हा एकोणीस वर्षांचा गोलंदाज रणजीचा पहिला सामना खेळला तो थेट अंतिम सामनाच. अमरावतीचा जितेश शर्मा पुढे भारताच्या संघापर्यंत गेला. कारभार नागपुरातून चालतो म्हणून वऱ्हाडाकडे दुर्लक्ष होते, अशी आपली एक जुनी तक्रार आहे. निदान या नावांपुरते तरी तसे म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट माणसे बदलण्याची. धीर धरणे म्हणजे कोणालाच न हलवणे नव्हे. 2014-15 आणि 2015-16 अशी लागोपाठ दोन वर्षे संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि तिथे हरला. 2017 साली चंद्रकांत पंडित यांना प्रशिक्षक म्हणून आणले. कडक शिस्तीचा माणूस. पण अकादमी तीच राहिली, पोरेही तीच. सालदार बदलला म्हणून कोणी बाग उपटत नाही. मोडकळीला येतात ते संघ, जिथे प्रत्येक नवा चालक आधीच्याचे सगळेच उपटून नव्याने खड्डे खणतो.

बाहेरून आणलेल्या खेळाडूंवरही कुरकुर होतेच: आपल्या पोरांच्या जागा हे खातात! वसीम जाफर मुंबईचा, गणेश सतीश कर्नाटकाचा. जाफर 2016-17 मध्ये दुखापतीमुळे खेळू शकला नाही, तरी संघटनेने त्याचे ठरलेले पैसे दिले. पुढच्या हंगामात तो मानधन न घेता खेळला. आणि 2018-19 मध्ये चाळिशी उलटलेल्या या गृहस्थाने हजारावर धावा काढल्या. अशा माणसाशेजारी उभे राहून कोवळी पोरे काय शिकली असतील, ते शिक्षकांना सांगायला नको.

2017-18 च्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाला अवघ्या पाच धावांनी हरवले. अंतिम सामन्यात, इंदूरला, रजनीश गुरबानी या इंजिनिअर झालेल्या गोलंदाजाने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी टिपले, आणि 1 जानेवारी 2018 रोजी दिल्लीला नऊ गड्यांनी हरवून करंडक आला. पुढच्या वर्षी पुन्हा.

या धीराची किंमत मात्र कोण देतो, तेही पाहायला हवे. चालकांना फक्त बोलणी बसतात. खरी किंमत देतो तो गावाकडचा बाप, ज्याने पोराला नागपूरला ठेवले आणि ज्याच्या पोराची निवड कधीच झाली नाही. एका ठाकरेमागे, एका तायडेमागे अशी पुष्कळ पोरे परत येतात. माझ्या मते चांगल्या चालकाची खरी कसोटी इथे आहे. "तुझे इथे जमणार नाही, परीक्षेला बस," हे सोळाव्या वर्षी स्पष्ट सांगणारा कडू वाटतो. विसाव्या वर्षापर्यंत आशेवर झुलवणारा गोड वाटतो. शाळेत खेळ शिकवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. पोरगा आणि त्याचा बाप दोघेही आपल्या शब्दावर वर्षे मोजत असतात.

दोन करंडकांनंतर संघ पुन्हा उतरला. पंडित 2020 साली मध्य प्रदेशाकडे गेले, आणि काही वर्षे करंडक दूरच राहिला. इथे कारभार पुन्हा जुन्या वळणावर जाऊ शकला असता. तसे झाले नाही. प्रशिक्षणाचे काम घरच्याच उस्मान घनी यांच्याकडे आले, कप्तानी अक्षय वाडकरकडे. 2023-24 चा अंतिम सामना ते मुंबईशी 169 धावांनी हरले. पण या वेळी हरणाऱ्यांना हाकलले नाही. तीच जोडी पुढच्या हंगामात राहिली. 2024-25 मध्ये यश राठोडने 960 धावा केल्या आणि हर्ष दुबेने 69 बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातला नवा विक्रम केला. नागपूरला केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, नागपुरातच, शेष भारत संघाविरुद्ध इराणी करंडकाचा सामना झाला. विदर्भाने तोही जिंकला, आणि पहिल्या डावात 143 धावा काढल्या त्या अकोल्याच्या अथर्व तायडेने.