25 मिलिमीटरची फट

रूळ जोडणाऱ्या थर्माइट वेल्डिंगचे व्हिडिओ पाहणारे सगळे आगच पाहतात. रेल्वेची माणसं त्याला ‘एटी वेल्डिंग’ म्हणतात आणि त्यांना आगीचं फारसं कौतुक नसतं. ती तर अर्ध्या मिनिटात आटोपते. त्यांचा जीव असतो आधीच्या तयारीत.

मुंबईत माहीमला पश्चिम रेल्वेच्या मार्गांना हार्बर लाईन येऊन मिळते. इथे या कामाला शेवटच्या लोकलनंतर पहाटेच्या पहिल्या लोकलपर्यंत मिळेल तेवढा वेळ, नाहीतर गाड्या थांबवून घेतलेला रविवारचा जम्बो ब्लॉक. जानेवारी 2025 मध्ये माहीम-वांद्र्यादरम्यान मिठी नदीवरचा 1888 चा पूल बदलला, तेव्हासारखे मोठे ब्लॉक रोज कुठले मिळायला?

रुळांच्या दोन टोकांमध्ये नेमकी 25 मिलिमीटरची फट ठेवायची. सरळपट्टी लावून टोकं किंचित उंच धरायची, कारण थंड होताना माथा जास्त आकसतो आणि सांधा खाली बसतो. दोन्हीकडून वाळूचे साचे बसवायचे, भेगा ओल्या वाळूने लिंपायच्या आणि बर्नरने टोकं लाल होईपर्यंत तापवायची. इथे घाई झाली की ओतलेला पोलादाचा रस रुळाला नीट धरत नाही. वरून सांधा सुबक, आत कच्चा.

मग साच्यावरच्या मुशीतली थर्माइटची भुकटी पेटवायची. त्यातलं ॲल्युमिनियम आयर्न ऑक्साइडमधला ऑक्सिजन हिसकावतं, तापमान अडीच हजार अंशांच्या आसपास जातं, वितळलेलं पोलाद खाली राहतं आणि मळी वर तरंगते. ही पद्धत शोधणाऱ्या हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला खरं तर कार्बनविरहित शुद्ध धातू हवे होते. त्याचं पेटंट 1895 चं. एसेनच्या ट्रामचे रूळ या पद्धतीने जोडले गेले 1899 मध्ये. भारतीय रेल्वे ही भुकटी लखनौच्या आपल्या कारखान्यातही बनवते.

रस ओतल्यावर काही मिनिटांनी साचा फोडतात, उरलेलं पोलाद छाटतात, माथा घासतात. निदान अर्धा तास त्यावरून गाडी सोडायची नाही. मग अल्ट्रासॉनिक तपासणी.

एवढा खटाटोप फिशप्लेटची, म्हणजे रूळ बोल्टने जोडणाऱ्या पट्टीच्या सांध्याची, खडखड घालवण्यापुरता नाही. एक किलोमीटरचा मोकळा रूळ 30 अंशांनी तापला तर सुमारे 35 सेंटीमीटर वाढेल. क्लिपांनी जखडलेल्या रुळाला ती मुभा नसते. म्हणून उन्हाळ्यात तो दाबाखाली असतो आणि थंडीच्या पहाटे ताणाखाली. कच्चा सांधा अशाच पहाटे तडकतो. त्यात खाडीची खारी हवा रुळाचा तळ खात असते.

तडकलेल्या सांध्याला मधोमध फुगवटा दिलेली फिशप्लेट आवळतात आणि गाड्या हळू सोडतात. पुढच्या ब्लॉकमध्ये तो भाग कापून नवा तुकडा घालायचा, म्हणजे एका सांध्याच्या जागी दोन. हे टाळण्यासाठी 75 मिलिमीटरची रुंद फट एकाच ओतणीत भरायची पद्धतही आहे. भुकटी अर्थातच जास्त लागते.