छापायचे राहून गेलेले नऊ मृत्यू

हृदयविकाराच्या झटक्यानंतर काही रुग्णांमध्ये ठोक्यांची लय बिघडते आणि त्यातून अचानक मृत्यू ओढवू शकतो. म्हणून ठोके ताळ्यावर आणणारे औषध दिले की जीव वाचेल, हा तर्क सरळ वाटत होता. १९८०च्या दशकात अनेक डॉक्टर याच विश्वासाने अशी औषधे देत होते.

पण इशारा आधीच मिळाला होता. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये लॉर्केनाइड या औषधाची छोटी चाचणी झाली. झटक्याची शंका असलेल्या ९५ रुग्णांपैकी ४८ जणांना औषध दिले गेले, ४७ जणांना औषधाचा अंश नसलेला डोस. औषधाने लय सुधारली, मात्र ते घेणाऱ्यांपैकी ९ जण दगावले. दुसऱ्या गटात मृत्यू झाला एकच. संशोधकांना हा योगायोग वाटला. पुढे व्यापारी कारणांनी औषधच मागे पडले आणि निष्कर्ष छापायचे राहून गेले. १९९३ मध्ये त्याच संशोधकांनी ते प्रसिद्ध केले आणि वेळीच छापले असते तर धोक्याची सूचना मिळाली असती, हेही मान्य केले.

तोवर उशीर झाला होता. याच प्रकारच्या एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांवरील अमेरिकेतल्या ‘कास्ट’ चाचणीत औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३, तर न घेणाऱ्या ७४३ पैकी २६ जण दगावले.

येथे कोणी खोटे आकडे दिले नव्हते. खरे आकडे फक्त कपाटात राहिले. डॉक्टर औषध निवडतो ते छापून आलेल्या माहितीवरून. फसलेल्या चाचण्या छापल्याच गेल्या नाहीत, तर गुण मोठा आणि धोका लहान दिसतो.

यावर उपाय म्हणजे चाचणीची आधीच जाहीर नोंद. भारतात ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून औषध चाचण्यांची नोंदणी सक्तीची झाली. कोणते औषध, किती रुग्ण, यश कशाने मोजणार, हे तिथे कोणालाही विनामूल्य पाहता येते. अर्थात, नोंद झाली म्हणजे निकाल जाहीर होईलच असे नाही.

म्हणून चाचणीत सहभागी होण्याबद्दल विचारणा झाली, तर संमतिपत्रावर सही करण्याआधी दोन प्रश्न जरूर विचारावेत: या चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? आणि निकाल काहीही लागला, तरी तो जाहीर होणार का? रुग्ण स्वतःचे शरीर विश्वासाने स्वाधीन करतो. त्यातून मिळालेली माहिती पुढच्या रुग्णापर्यंत पोहोचलीच पाहिजे.