पहाटे चार वाजता वाजणारा फोन



आजचा विषय जरा जुना आहे आणि थोडा तांत्रिकही. पण सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते, म्हणजे हा विषय का निवडला ते कळेल.

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या शाळेत पालकांना आपोआप फोन जाण्याची सोय सुरू झाली. बाईंनी आपल्या आवाजात निरोप रेकॉर्ड करायचा, नंबरांची यादी भरायची, वेळ लावायची, बस्स. मी उत्साहाने चौथीची यादी भरली. वेळ लावली सकाळी सहाची, कारण आमच्या गावातले बरेच पालक साडेसहाला कामाला निघतात. त्यात एक नवीन सोय होती : "फोन उचलला नाही तर पुन्हा लावा." तिथेही बरोबरची खूण केली. किती वेळा? तीन. बाई खूश!

तीन आठवड्यांनी मला एका अनोळखी आजोबांचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. म्हणाले, "बाई, माझा मुलगा सैन्यात आहे. पहाटे फोन वाजला की आमच्या घरी दोघांच्याही पोटात गोळा येतो. उचलावा तर तुम्ही चित्रकलेची वही आणायला सांगता. काल हात थरथरले म्हणून उचलला नाही, तर तो पुन्हा पुन्हा वाजत राहिला."

एक आकडा चुकला होता. सातच्या जागी एक. माझं अक्षर मीच वाचताना चुकले होते.

हे मी माझ्या मामांना सांगितलं. मामा मुंबईत नोकरीला होते आणि नव्वदच्या दशकात घरी मोडेम लावून बुलेटिन बोर्डवर जायचे. ते हसले आणि म्हणाले, "तुझी चूक नवीन नाही गं. अमेरिकेत लोकांनी ही चाळीस वर्षांपूर्वीच करून ठेवलीय. त्यावर उपायही शोधलेत." मग त्यांनी जे सांगितलं आणि मी पुढे जे वाचलं, ते तुम्हाला सांगते.

बुलेटिन बोर्ड म्हणजे आपल्या शाळेच्या फळ्यावरची सूचना, फक्त ती कॉम्प्युटरवर. १९७८ च्या हिवाळ्यात शिकागोत प्रचंड बर्फ पडला आणि लोक घरात अडकले. तेव्हा वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्युस या दोघांनी असा पहिला बोर्ड तयार केला. कुणीही आपल्या कॉम्प्युटरवरून त्या नंबरला फोन लावायचा, निरोप वाचायचा, आपला लिहायचा, फोन ठेवायचा. एका वेळी एकच माणूस! दुसऱ्याला एंगेज टोन.

पण एका गावच्या बोर्डावरचा निरोप दुसऱ्या गावच्या बोर्डावर कसा जाणार? १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी त्यावर मार्ग काढला. त्यांचा बोर्ड आणि बाल्टिमोरचे जॉन मॅडिल यांचा बोर्ड रात्री एकमेकांना फोन करून टपाल देऊ-घेऊ लागले. याचं नाव फिडोनेट. दहा-बारा वर्षांत त्यात जगभरचे तीस हजारांहून जास्त बोर्ड सामील झाले. हे सगळं हौशी लोकांचं, स्वतःच्या घरातल्या फोनवर, स्वतःच्या बिलावर.

टपाल नेण्या-आणण्याचं काम करणाऱ्या प्रोग्रामला मेलर म्हणत. फ्रंटडोअर, बिंकलीटर्म ही त्यातली गाजलेली नावं. फोन वाजला की आधी मेलर उचलायचा. पलीकडे माणूस आहे की दुसरा मेलर, ते ओळखायचा. माणूस असेल तर त्याला आत बोर्डावर सोडायचा आणि मेलर असेल तर टपाल घ्यायचा. आपल्या शाळेच्या फाटकावरचे शिपाईकाका बघा, पालकांना ऑफिसात पाठवतात आणि पोस्टमनकडून पत्र स्वतः घेतात. तसंच.

आता हे रात्रीच का? कारण रात्री ट्रंक कॉल स्वस्त. माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल, आपल्याकडेही रात्री उशिरा एसटीडीचा दर पाव व्हायचा आणि बूथबाहेर रांग लागायची. उत्तर अमेरिकेत सगळ्या बोर्डांनी एक तास ठरवून घेतला होता. कॅलिफोर्नियात रात्री एक ते दोन, म्हणजे बाल्टिमोरला पहाटे चार ते पाच. या तासात माणसांना प्रवेश बंद, गप्पांचं टपाल बंद, मोठ्या फायली बंद. फक्त एकाचं दुसऱ्याला असलेलं खासगी पत्र घ्यायचं. पुढे प्रत्येक खंडाला असा तास मिळाला. आशियाचा तास आपल्या घड्याळात रात्री दीड ते अडीच.

आणि इथेच माझे आजोबा येतात.

कोणाला फोन लावायचा हे मेलरला कसं कळणार? त्यासाठी एक यादी असायची, नोडलिस्ट. दर आठवड्याला नवी. प्रत्येक बोर्डाचा पत्ता, गाव, चालवणाऱ्याचं नाव, फोन नंबर आणि त्याला काय काय जमतं त्याच्या खुणा. पत्ता आपल्या पिनकोडसारखा, मोठ्याकडून लहानाकडे : आधी खंड, मग विभाग, मग बोर्ड. यादीत एक आकडा चुकला तर काय होईल ते बघा. पहाटे चारला कुणातरी अनोळखी घरी फोन वाजणार. माणूस झोपेतून उठून "हॅलो" म्हणणार. पलीकडे माणूसच नाही, नुसतं मशीन. फोन ठेवला की दुसऱ्या गावचं मशीन. मग तिसऱ्या. यादी सगळ्यांकडे एकच, त्यामुळे चूकही सगळ्यांकडे एकच! आणि या बिचाऱ्याने तक्रार तरी कुणाकडे करायची? मशीनला बोलता येत नाही.

यावर त्यांनी काढलेला उपाय मला फार आवडला. नव्या बोर्डाला यादीत यायचं असेल तर नुसता फॉर्म भरून चालत नसे. आपल्याच मेलरवरून, फिडोनेटच्या टपालानेच, अर्ज पाठवावा लागे. अर्ज पोहोचला याचाच अर्थ तुमचा मेलर नीट चालतो. मग त्याचं उत्तर तुमच्या नंबरवर जाऊन पोहोचलं की नंबरही बरोबर ठरतो. परीक्षा आणि अर्ज एकाच पाकिटात.

दुसरा उपाय मेलरच्या आतला. फोन उचलला गेला पण मोडेमची शिट्टी आली नाही, असं ठरावीक वेळा झालं की तो नंबर बंद. मालक स्वतः येऊन बघेपर्यंत पुन्हा लावायचा नाही. लक्षात घ्या, नुसता एंगेज टोन आला तर तो वेगळा मोजायचा, कारण एंगेज म्हणजे नंबर बहुधा बरोबर आहे, फक्त रांग आहे. माझ्या त्या नव्या सोयीत हा फरकच नव्हता. उचलला नाही, कापला, बंद होता, सगळं एकाच मापाने, पुन्हा तीन वेळा. आणि असला, तरी मी कुठे बघितलं होतं म्हणा! बरोबरची खूण करायला मला दोन सेकंद लागले होते.

मेलरमध्ये वर्षागणिक नवीन सोयी येत गेल्या. ओळख करून देण्याची नवी पद्धत आली, ईएमएसआय नावाची. तिच्यात दोन मेलर सुरुवातीलाच एकमेकांना आपलं नाव, सगळे पत्ते, पासवर्ड आणि काय काय येतं ते सांगून टाकत. फाईल अर्ध्यावर तुटली तर तिथूनच पुढे घेणारी झेडमोडेम पद्धत आली. पण एक नियम कधी मोडला नाही : सगळ्यात जुनी, सगळ्यात साधी पद्धत प्रत्येकाला यायलाच हवी. मेलर आधी नवी पद्धत करून बघायचा. पलीकडच्याला ती येत नसेल तर त्याआधीची. तीही नसेल तर पहिली साधी. त्यामुळे कुठल्याशा खेड्यात जुन्या मशीनवर बोर्ड चालवणारा माणूसही टपालातून सुटत नसे. (स्मार्टफोन नसलेल्या पालकांच्या मुलांना गृहपाठ कसा कळतो, हा प्रश्न आपण स्टाफरूममध्ये किती वेळा विचारतो? मी तरी उशिराच विचारला.)

पासवर्डचं तर आणखी गमतीशीर. दोन बोर्डांमध्ये पासवर्ड लावायचा तर तो दोघांनी एकाच दिवशी लावायला हवा. एकाने उत्साहात आजच लावला आणि दुसऱ्याला उद्या कळवलं, तर आज रात्री दुसऱ्याच्या मेलरला दारातूनच परत पाठवलं जाणार. म्हणजे आपल्या मशीनवरची ही सोय आपल्या एकट्याची नसतेच. अर्धी पलीकडे असते.

आता सगळ्यात मजेशीर भाग. हा मी वर्गात करून बघितला, तुम्हीही करा.

फिडोनेटवर पुढे इकोमेल आलं. डॅलसच्या जेफ रश यांचं हे काम. एका बोर्डावर लिहिलेली गप्पांची चिठ्ठी शेजारच्या बोर्डांवर जाते, तिथून त्यांच्या शेजाऱ्यांकडे, असं करत सगळीकडे. छान वाटतं ना? मी तीन मुलांना त्रिकोणात उभं केलं. हातात कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिल. नियम एकच : ज्याने दिली त्याला परत द्यायची नाही, पण दुसऱ्या शेजाऱ्याला नक्कल करून द्यायची. पहिल्याने "उद्या सहल" असं लिहून दोघांना दिलं. दोघांनी एकमेकांना दिलं. मग दोघांनी पहिल्याला परत दिलं. पहिल्याने पुन्हा दोघांना... पाच मिनिटांत अर्धी रफ वही संपली आणि वर्ग हसून लोळत होता. सहल मात्र एकच! आता प्रत्येक चिठ्ठी म्हणजे एक ट्रंक कॉल समजा. बिल कुणाचं?

मी विचारलं, "काय करायचं?" एक मुलगी म्हणाली, "बाई, सूचना वहीसारखं सही करायची." अगदी तेच! आपल्या सूचना वहीत प्रत्येक शिक्षक "पाहिले" लिहून सही करतो आणि शिपाईकाका सही नसलेल्याकडेच वही नेतात. इकोमेलच्या प्रत्येक चिठ्ठीखालीही अशीच ओळ असायची, ही चिठ्ठी कोणाकोणाकडे गेली त्यांच्या नंबरांची. पुढे पाठवण्यापूर्वी ती बघायची. नंबर असेल त्याला पाठवायचं नाही, नसेल त्याचा नंबर लिहून पाठवायचं.

पुन्हा खेळलो. पहिल्याने तिघांची नावं लिहून दोघांना चिठ्ठ्या दिल्या आणि खेळ तिथेच थांबला. टाळ्या. मग मी चौथ्या मुलाला बोलावून चौकोन केला. पहिल्याने दोन्ही बाजूंना दिली, तिघांची नावं लिहून. त्या दोघांनीही बघितलं, समोरच्या चौथ्याचं नाव नाही. दोघांनीही प्रामाणिकपणे त्याला दिली. त्याच्या हातात दोन सारख्या चिठ्ठ्या! कुणाचीच चूक नाही, तरी चूक झाली. कारण उजवीकडच्याने केलेली सही डावीकडच्या चिठ्ठीवर कशी दिसणार?

यावर बरीच मुलं गप्प झाली. मग शेवटी कुणीतरी म्हणालं, "एक हात सोडायचा." चौकोनाची एक बाजू तोडली आणि ओळ झाली. आता चिठ्ठी प्रत्येकाला एकदाच. फिडोनेटवाल्यांचाही नियम हाच होता : जोडण्या झाडाच्या फांद्यांसारख्या हव्यात, गोल फिरून परत यायला नको. कुणी जास्त टपाल मिळावं म्हणून न विचारता दुसरीकडेही जोडणी लावली की गोल तयार व्हायचा आणि नकला सुरू. पुढे प्रत्येक चिठ्ठीला वेगळा क्रमांक देऊन "ही आधीच आली होती" असं ओळखण्याची सोयही झाली. पण मुलांना हात सोडणंच जास्त पटलं.

फिडोनेटच्या नियमावलीत भांडणं कशी सोडवायची याचं सार दोन वाक्यांत आहे. साधारण अर्थ असा : दुसऱ्याला फार त्रास देऊ नका आणि स्वतः फार लवकर चिडू नका. आमचे आजोबा तीन आठवडे दुसरा नियम पाळत होते. पहिला मी मोडत होते.

आणखी एक गोष्ट मला उशिरा सुचली. आजोबांना तीन आठवडे नको असलेले फोन गेले, म्हणजे तेवढेच दिवस कुणालातरी हवे असलेले फोन गेले नाहीत. यादी उघडली. ज्या मुलीच्या वडिलांचा तो नंबर होता, ती तीन आठवड्यांत चार वेळा चित्रकलेच्या वहीशिवाय आली होती आणि दोनदा मी तिला ओरडले होते.

आता मी पालकांचे नंबर लिहून घेत नाही. पहिल्या सभेत माझा नंबर फळ्यावर लिहिते आणि प्रत्येकाला स्वतःच्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायला सांगते. आलेला नंबर तिथेच मुलाच्या नावापुढे टाकते. पुन्हा लावायची खूण काढून टाकली आहे आणि वेळ सात केली आहे. या जूनमध्ये अठ्ठावीस मुलांमागे सव्वीस मिस्ड कॉल आले. उरलेल्या दोघांच्या घरी फोन नाही. त्यांच्या शेजारच्या मुलांना निरोप सांगते, आणि दर शनिवारी शाळा सुटल्यावर त्या रस्त्याने घरी जाते.