विडी कामगार मातांची मुले : भावनिक स्वास्थ्य व मेंदूविकास (विशेष संदर्भ – सोलापूर)

प्रस्तावना :
सोलापूरची ओळख चादर आणि टॉवेल यांमुळे देशभर झाली असली, तरी शहराच्या पूर्व भागातील हजारो कुटुंबांचा चरितार्थ स्त्रियांच्या विडीकामावर चालत आला आहे. या स्त्रियांमध्ये तेलुगू मातृभाषा असलेल्या पद्मशाली समाजातील स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय आहे. विडी घरी वळली जाते आणि मजुरी हजार विड्यांमागे ठरते. त्यामुळे आई दिवसभर घरात असते. परंतु ती बाळासाठी मोकळी असतेच असे नाही. या विसंगतीचा बालविकासाच्या दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मेंदूविकास आणि प्रतिसाद :
जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूतील पेशींची जोडणी अत्यंत वेगाने होते. वारंवार वापरल्या जाणाऱ्या जोडण्या दृढ होतात, तर न वापरलेल्या क्षीण होतात. बाळ हुंकारते, आई उत्तर देते. बाळ बोट दाखवते, आई त्या वस्तूचे नाव घेते. या देवाणघेवाणीतूनच भाषा, विश्वास व भावनांवरील नियंत्रण यांचा पाया घातला जातो. याउलट, भीती व ताण दीर्घकाळ टिकला आणि धीर देणारे कोणी नसले, तर कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण बिघडून स्मृती व अवधान यांवर अनिष्ट परिणाम होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली मांडलेल्या संगोपनाच्या आराखड्यात आरोग्य, पोषण, सुरक्षितता व प्रारंभिक अध्ययन यांच्या बरोबरीने प्रतिसादात्मक संगोपनाला स्थान दिले आहे, ते याच कारणाने.

घर हाच कारखाना :
1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती. परंतु ती कारखान्याच्या जागेशी बांधलेली होती. काम घरी गेले आणि पाळणाघर मागेच राहिले. कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली व 2006 साली ती विडी कामगार स्त्रियांना मिळाली, ही निःसंशय मोठी उपलब्धी होय. तथापि हक्काच्या घरातही तेंदूपान, तंबाखू आणि रांगणारे मूल एकाच खोलीत असतील, तर तंबाखूच्या धुळीचा प्रश्न सुटत नाही. गर्भावस्थेतील निकोटिनचा संपर्क गर्भाच्या मेंदूविकासास घातक ठरतो, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

दोष आईचा नव्हे :
मुलाकडे पाहण्यासाठी थांबलेला प्रत्येक क्षण मजुरीतून वजा होतो. अशा स्थितीत केवळ उपदेश करणे अन्यायाचे ठरेल. मात्र विडी वळताना हात गुंतलेले असले, तरी वाणी मोकळी असते. काम करता करता तेलुगूतून सांगितलेली गोष्ट, म्हटलेले गाणे, विचारलेला प्रश्न हे बाळाच्या दृष्टीने खरे पोषण होय. घरात तेलुगू आणि अंगणवाडीत मराठी यांमुळे मूल गोंधळते हा समज निराधार आहे. मातृभाषेचा पाया भक्कम असल्यास दुसरी भाषा शिकणे सुकर होते.

उपाययोजना :
1) विडी कामगार वस्त्यांतील अंगणवाड्यांना पाळणाघराची जोड द्यावी. 2022 पासून मिशन शक्तीअंतर्गत असलेल्या 'पाळणा' योजनेत अशी सोय अभिप्रेत आहे.
2) तीन वर्षांखालील बालकांसाठी 2024 साली आलेल्या 'नवचेतना' आराखड्यातील खेळ तेलुगूतून मातांपर्यंत पोहोचवावेत.
3) विडीकामाची जागा मुलांच्या वावरापासून वेगळी ठेवावी व बाळाला घेण्यापूर्वी हात धुण्याची सवय रुजवावी.
4) महाविद्यालयांतील मानसशास्त्र, गृहविज्ञान व राष्ट्रीय सेवा योजना विभागांनी तेलुगू जाणणाऱ्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने वस्तीपातळीवर मातृसभा घ्याव्यात. यांतील अनेक विद्यार्थी याच घरांतून आलेले असतात, हे त्यांचे बलस्थान आहे.

निष्कर्ष :
बालकाचे भावनिक स्वास्थ्य हा केवळ मातृत्वाचा प्रश्न नसून तो श्रमाच्या रचनेचाही प्रश्न आहे. आईला घर मिळाले. आता त्या घरात बाळासाठी थोडा वेळ मिळवून देणे ही समाजाची व शासनाची जबाबदारी ठरते.