मानकरी आणि मागे राहिलेले

पारितोषिकांचा निकाल लागला, की मानकऱ्याचे नाव आपण ध्यानात ठेवतो आणि बाकीची यादी विसरून जातो. आमचे म्हणणे असे, की पारितोषिक देणाऱ्यांना काय मोलाचे वाटले हे कळण्यासाठी ती विसरलेली यादीही वाचली पाहिजे. उदाहरणादाखल अमेरिकेतील अकॅडमी पारितोषिकांचे पहिले वर्ष पाहू. पुढे यांनाच 'ऑस्कर' हे नाव पडले.

१६ मे १९२९ रोजी हॉलिवुडच्या रूझवेल्ट हॉटेलात भोजनसमारंभ झाला. निकाल फेब्रुवारीतच जाहीर झालेले असल्यामुळे उत्कंठा अशी नव्हती. अध्यक्ष डग्लस फेअरबँक्स यांनी १५ मिनिटांच्या आसपास १२ विभागांची पारितोषिके वाटून टाकली. विचार झाला होता तो ऑगस्ट १९२७ ते जुलै १९२८ या काळातील चित्रपटांचा.

त्या वर्षी चित्रपटांसाठी मोठे मान दोन होते. एक 'उत्कृष्ट चित्रपटा'चा. त्यासाठी 'विंग्ज', 'सेव्हन्थ हेवन' आणि 'द रॅकेट' ही नावे होती. महायुद्धातील वैमानिकांवरील भव्य 'विंग्ज' विजयी झाला. दुसरा मान 'अनन्य व कलात्मक निर्मिती'चा. त्यासाठी सयामच्या रानात जाऊन घेतलेला 'चँग', अफाट शहरात हरवलेल्या सामान्य कारकुनाची कहाणी सांगणारा 'द क्राउड' आणि मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाचा 'सनराइज' असे तीन चित्रपट होते. मान 'सनराइज'ला मिळाला. खेड्यातील एका जोडप्याच्या तुटत्या आणि पुन्हा जुळत्या संसाराची ती कथा आहे.

चार्ली चॅप्लिन यांचे नाव 'द सर्कस'साठी स्पर्धेत होते. ते तेथून काढून त्यांना खास पारितोषिक देण्यात आले. 'द जॅझ सिंगर' या बोलपटाबद्दल वॉर्नर बंधूंचाही तसाच गौरव झाला.

आता पुढचे पाहा. मूकपटातील पाट्या लिहिणाऱ्यासाठी एक पारितोषिक होते. ते त्या एकाच वर्षी दिले गेले. बोलपट आले, पाट्या गेल्या, पारितोषिक गेले. यात नवल नाही. पण 'कलात्मक निर्मिती'चे पारितोषिकही त्याच वर्षानंतर बंद झाले. कलात्मक चित्रपट तर संपले नव्हते! पुढे अकॅडमीने 'विंग्ज' हाच पहिल्या वर्षाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट मानला आणि 'सनराइज'चा बरोबरीचा मान मागे पडला.

आमच्या मते चूक 'विंग्ज'ला गौरविण्यात नव्हती. भव्यता आणि कलात्मकता यांसाठी सुरुवातीला दोन निरनिराळे तराजू होते. त्यांतील एक उचलून ठेवला, ही खरी हानी. मग 'द क्राउड'सारख्या साध्या कारकुनाच्या गोष्टीचे वजन कोठे करावयाचे?

म्हणून, गावच्या नाट्यस्पर्धेचा असो वा चित्रपटांचा, पुढचा निकाल वर्तमानपत्रात आला म्हणजे पहिल्या नावावर थांबू नये. खालची नावे वाचावीत, आणि कोणता तराजू वापरला हे परीक्षकांना अवश्य विचारावे.