स्वयंरोजगारी सेवा-व्यवसाय आणि अवघड ग्राहक

रोजगार म्हटला की नोकरी हाच शब्द प्रथम आठवतो. देशाचे चित्र मात्र निराळे आहे. २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार काम करणाऱ्या व्यक्तींपैकी ५८.४ टक्के व्यक्ती स्वयंरोजगारी होत्या. २०१७-१८ मध्ये हे प्रमाण ५२.२ टक्के होते. या संख्येत शेतकरी, दुकानदार आणि घरच्या धंद्यात विनावेतन राबणारे कुटुंबीय यांचा वाटा मोठा आहे हे खरे. तथापि महानगरांच्या विस्ताराबरोबर याच गटात एक नवा वर्ग सामावला आहे. ग्राहकाच्या दारी जाऊन सेवा देणारा, स्वतःची साधने बाळगणारा आणि कोणाचाही नोकर नसणारा असा हा वर्ग होय. खिडक्यांच्या काचा स्वच्छ करून देणारा व्यावसायिक हे त्याचे बोलके उदाहरण. बादली, रबरी पट्टी, पाते, शिडी आणि जुनी दुचाकी एवढ्या भांडवलावर तो दिल्ली-गुरुग्रामपासून बंगळुरूपर्यंत आपला चरितार्थ चालवतो. दिवाळी वा दुर्गापूजेच्या आधीचे काही आठवडे त्याच्या वर्षाच्या कमाईचा कणा असतात.

या व्यवसायातील सर्वांत मोठी जोखीम कोणती, असे विचारल्यास उंची हे उत्तर सहज सुचते. परंतु रोजच्या व्यवहारात अधिक वेळा आडवी येते ती काम झाल्यानंतरची घासाघीस. ठरलेला दर काम संपल्यावर कमी करणारा, ‘जाता जाता’ दोन जादा खिडक्या पुसून घेणारा, जुना ओरखडा नवा म्हणून दाखवणारा आणि देयक महिनोन् महिने अडवून ठेवणारा, अशी अवघड ग्राहकाची अनेक रूपे आहेत. त्यांच्याशी कसे वागावे हा प्रश्न वरकरणी गोड बोलण्याचा वाटतो. वास्तविक त्याच्या मुळाशी कायद्यातील एक असमतोल आहे.

वादाचे मूळ काचेतच

काही तक्रारींमागे ग्राहकाचा दुष्टपणा नसतो, अज्ञान असते. कूपनलिकेच्या कठीण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार काचेवर साचतात. थर ताजा असेल तर तो सौम्य आम्लाने निघतो. वर्षानुवर्षे तसाच राहिला तर काचेचा पृष्ठभागच कोरला जातो आणि कितीही घासले तरी धूसरपणा उरतो. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र काच ‘नीट पुसलेली नाही’. त्याच्या आग्रहास्तव तीव्र आम्ल वापरले तर ॲल्युमिनियमची चौकट डागाळते, खिडकीखालच्या संगमरवरी पट्टीची चकाकी जाते आणि आता खरोखरच नुकसान झालेले असते.

नव्या इमारतींत अडचण आणखी नाजूक होते. काचेवर सिमेंटचे व रंगाचे कण चिकटलेले असतात. ते पात्याने काढताना एखादा कण पात्याखाली सापडला की बारीक ओरेखा उमटतात. पण असे ओरखडे गवंड्याने वा रंगाऱ्याने आधीच पाडलेलेही असू शकतात. मळ असेपर्यंत ते दिसत नाहीत. काच स्वच्छ झाली की लख्ख दिसू लागतात. म्हणजे काम जितके चोख, तितका आरोप येण्याचा संभव अधिक! यावर उपाय साधा आहे. काम घेण्यापूर्वी ग्राहकाला बरोबर घेऊन प्रत्येक काच पाहावी, कोपऱ्यातील एक वीतभर भाग पुसून दाखवावा, दिसलेले डाग व ओरखडे मोबाइलवर टिपून ती छायाचित्रे ग्राहकालाच पाठवावीत आणि काय निघेल, काय निघणार नाही हे स्पष्ट सांगावे. या दहा मिनिटांत निम्मे वाद जन्मण्यापूर्वीच मिटतात.

मजूर नव्हे, करारातील पक्ष

वाद झालाच तर या व्यावसायिकाचे कायद्यातील स्थान कोणते? सेवेचा करार आणि सेवेसाठीचा करार यांतील भेद परीक्षार्थींना परिचित असेल. धरणगधरा केमिकल वर्क्स प्रकरणात (१९५७) सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या पद्धतीवर नियंत्रण कोणाचे, हा निकष महत्त्वाचा मानला. कोणती पट्टी वापरायची, कोणत्या क्रमाने काम करायचे हे काच पुसणारा स्वतः ठरवतो. ग्राहक केवळ फलित मागतो. म्हणून तो ग्राहकाचा कर्मचारी ठरत नाही. परिणामी किमान वेतन आणि वेतन वेळेवर मिळण्याची हमी देणारे कायदे त्याच्या मदतीला येत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेचा आधारही कर्मचारी हाच आहे.

उरतो तो भारतीय करार अधिनियम, १८७२. तोंडी करारही या अधिनियमानुसार वैध असतो, ही बाब अनेक व्यावसायिकांना ठाऊक नसते. फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ दुसऱ्याने घेतला तर त्याने मोबदला दिला पाहिजे, असे कलम ७० सांगते. ‘जाता जाता’ पुसून घेतलेल्या खिडक्यांना ते लागू पडू शकते. काच खरोखर फुटली तर भरपाई द्यावीच लागेल. परंतु कलम ७३ नुसार भरपाई प्रत्यक्ष व स्वाभाविक हानीपुरती असते. एका तावदानासाठी संपूर्ण घराचे देयक बुडवण्याची मुभा त्यातून मिळत नाही. पैसे कधी द्यायचे हे ठरलेले नसेल, तर मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत दावा दाखल करता येतो.

कलम ६३ मात्र दुधारी आहे. येणे असलेल्या रकमेऐवजी कमी रक्कम पूर्ण फेड म्हणून स्वीकारली, तर उरलेले ऋण संपते. ‘एवढेच घ्या आणि विषय संपवा’ असे म्हणणारा ग्राहक नकळत याच कलमाची भाषा बोलत असतो. अशा वेळी मिळेल ती रक्कम घेण्यास हरकत नाही, पण त्याच क्षणी ‘अमुक रक्कम खात्यावर जमा, अमुक बाकी’ असा संदेश पाठवावा. असा संदेश हा इलेक्ट्रॉनिक अभिलेख असून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मधील प्रमाणपत्रासह तो पुरावा म्हणून मांडता येतो. दोन निरनिराळ्या कायद्यांत कलमाचा क्रमांक एकच यावा, हा योगायोग स्मरणास सोयीचा आहे.

शिंपी कापड अडवू शकतो

करार अधिनियमाचे कलम १७० येथे विशेष उद्बोधक आहे. दुरुस्तीसाठी वा घडणावळीसाठी आपल्या ताब्यात आलेली वस्तू, मेहनताना मिळेपर्यंत अडवून ठेवण्याचा अधिकार ते कारागिराला देते. शिंपी शिवलेला कपडा ठेवून घेऊ शकतो, घड्याळजी घड्याळ ठेवू शकतो, हिऱ्याला पैलू पाडणारा हिरा ठेवू शकतो. काच पुसणाऱ्याच्या हाती मात्र काहीच उरत नाही. त्याचे श्रम ग्राहकाच्या भिंतीत बसवलेल्या काचेवर खर्च झालेले असतात आणि ते परत घेता येत नाहीत. पाण्याची टाकी धुणारा, घराला रंग देणारा, गालिचे जागेवरच साफ करणारा या सर्वांची स्थिती अशीच आहे. काम संपताक्षणी सौदाशक्तीचे पारडे संपूर्णपणे ग्राहकाकडे झुकते.

म्हणून अशा व्यवसायांत आगाऊ रक्कम घेणे हा अविश्वास मानू नये. शिंप्याला कापडाच्या रूपाने जे तारण मिळते, ते येथे आगाऊ रकमेच्या रूपाने मिळते. काम मोठे असेल तर मजल्यागणिक वा खोलीगणिक रक्कम घेत पुढे जाणे हेही त्याच तत्त्वाचे रूप आहे. आगाऊ रक्कम मागताच जो ग्राहक संतापतो, त्याची ओळख काम सुरू होण्यापूर्वीच पटते, हा आणखी एक लाभ.

एकाच वादाची दोन दारे

आता असमतोलाकडे वळू. सेवा सदोष वाटली तर घरमालक ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. हा अधिनियम २० जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने अमलात आला. सेवेचे मूल्य पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीस शुल्क नाही, वकील लावणेही आवश्यक नाही. पैसे न मिळालेल्या सफाई-व्यावसायिकाला मात्र हे दार बंद आहे, कारण त्या व्यवहारात तो ग्राहक नसून सेवादाता असतो. त्याने न्यायालय शुल्क भरून दिवाणी दावा लावायचा. काही हजारांच्या देयकासाठी किती जण ते करतील? याच अधिनियमातील एक तरतूद मात्र त्याच्या बाजूची आहे. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी विकत घेतलेली वस्तू ‘वाणिज्यिक प्रयोजना’त मोडत नाही, त्यामुळे पाण्याच्या दाबाने सफाई करणारे त्याचे यंत्र सदोष निघाले तर विक्रेत्याविरुद्ध तो स्वतः ग्राहक म्हणून उभा राहू शकतो.

या दोन दारांच्या मध्ये लोकअदालतीचा मार्ग आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार दावा दाखल होण्यापूर्वीचे वादही तेथे नेता येतात आणि झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य विधी साहाय्य मिळते. लोकअदालत तडजोडीवर चालते; पैसे बुडवायचेच ठरवलेल्या माणसाला ती तडजोडीस भाग पाडू शकत नाही, ही तिची मर्यादा आहे.

ग्राहक एखादी कंपनी, दुकान वा रुग्णालय असेल तर चित्र पुष्कळ बदलते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म वा लघु उपक्रमाचे देयक ठरलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत द्यावे लागते. मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देय होते. तक्रार सुविधा परिषदेकडे जाते. तेथे प्रथम समेट, नंतर लवाद. निवाड्याला आव्हान देणाऱ्याला रकमेच्या ७५ टक्के आधी भराव्या लागतात, हे या कायद्याचे खरे दात. एकटा काच पुसणाराही ‘उद्यम’ नोंदणी करून सूक्ष्म उपक्रम होऊ शकतो. नोंदणी विनामूल्य आहे. ती काम घेण्यापूर्वी करावी. नंतरच्या नोंदणीचा लाभ आधीच्या व्यवहाराला मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात म्हटले होते. जानेवारी २०२५ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला.

एकट्याचा ग्राहक, संघटनेचा ग्राहक

१९७२ मध्ये अहमदाबादेत इला भट्ट यांनी ‘सेवा’ ही स्वयंरोजगारी स्त्रियांची संघटना स्थापन केली, तेव्हा कामगार संघ म्हणून तिची नोंदणी करताना प्रशासनाने आक्षेप घेतला होता. तुम्हांला मालकच नाही, मग लढणार कोणाशी? संघटनेचे म्हणणे असे की संघ मालकाविरुद्ध असण्यापेक्षा कामगारांच्या एकजुटीसाठी असतो. नोंदणी झाली. पुढे सेवेच्या परिवारात कार्यालये व संस्था यांची सफाई करणारी स्त्रियांची सहकारी मंडळीही उभी राहिली. पुण्यात २००८ पासून महानगरपालिकेशी करार करून काम करणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतील सभासद दारोदार जाऊन घरटी शुल्क गोळा करतात. शुल्क देण्यास टाळाटाळ करणारी घरे तेथेही आहेत. फरक इतकाच की तेथे दर एकटीने ठरवावा लागत नाही आणि नकार एकटीला ऐकावा लागत नाही.

घरात एकट्याने काम करताना अपमान वा छेडछाड होण्याचा धोका स्त्रियांना अधिक असतो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमात ‘कामाचे ठिकाण’ या व्याख्येत राहते घरही येते आणि असंघटित क्षेत्रासाठी जिल्हास्तरीय स्थानिक समितीची तरतूद आहे. तक्रारीची सर्वसाधारण मुदत तीन महिने. जातिवाचक अपमानाच्या बाबतीत १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक अधिनियम लागू होऊ शकतो.

ॲपवरून काम मिळवणाऱ्यांसमोर अवघड ग्राहक वेगळ्या वेषात येतो. तेथे पैसे सहसा बुडत नाहीत, पण एका रागीट ग्राहकाने दिलेला एकच तारा पुढची कामे कमी करू शकतो आणि त्यावर बाजू मांडण्याची संधी मिळेलच असे नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकने २०२५ मध्ये अशा कामगारांसाठी स्वतंत्र कायदे केले. कर्नाटकच्या कायद्यात काम बंद करण्यापूर्वी लेखी कारण व सूचना देण्याचे बंधन घातले आहे.

आणि एक ग्राहक असा, ज्याच्याशी वाटाघाटीच करू नये. ‘जरा बाहेर छज्जावर उतरून पुसा, आधीचा माणूस उतरायचा’ असे तो म्हणतो. येथे नकार देणे हेच व्यावसायिक कौशल्य. कर्मचाऱ्याला अपघातात मिळणारी कायदेशीर नुकसानभरपाई स्वयंरोजगाऱ्याला मिळत नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये हप्त्यात अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण आहे. ते अवश्य घ्यावे. बाहेरची बाजू लांब दांड्याच्या पट्टीने आतून पुसता येईल तेवढीच पुसावी, आणि पोचणार नाही तेवढ्या काचा सोडल्याचे देयकावर लिहून तितका दर वजा करावा.