गावी आल्यावर गावच ओळखू येत नाही? पदमपूरच्या भवभूतीने १३०० वर्षांपूर्वी हेच लिहिलं होतं!

आमगाव : दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. नागपूर, पुणे, हैदराबादला कामाला गेलेली पोरं गावी येतात. दोन दिवस फिरून झाले की बहुतेकांच्या तोंडी एकच गोष्ट असते, गाव आता पहिल्यासारखं राहिलं नाही. बोडी बुजली, मोहाचं झाड गेलं, कौलारू घराच्या जागी स्लॅब आला.

ही हुरहुर नवी नाही. ती शब्दांत मांडणारा एक मोठा कवी आपल्याच जिल्ह्यातला मानला जातो.

कोण होता भवभूती?

भवभूती हा आठव्या शतकातला संस्कृत नाटककार. 'महावीरचरित', 'मालतीमाधव' आणि 'उत्तररामचरित' ही त्याची तीन नाटकं. आपलं घराणं विदर्भातल्या पद्मपूरचं, अशी ओळख त्याने स्वतःच नाटकाच्या सुरुवातीला दिली आहे. हे पद्मपूर म्हणजे आमगाव तालुक्यातलं आजचं पदमपूर, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. भवभूतीचं नाव पुढे कनोजचा राजा यशोवर्मा याच्या दरबाराशी जोडलं जातं. म्हणजे हाही गाव सोडून लांब गेलेलाच माणूस.

नाटकात काय घडतं?

'उत्तररामचरित'च्या दुसऱ्या अंकात राम शंबूकवधाच्या निमित्ताने दंडकारण्यात येतो. सीतेसोबत वनवासात तो इथेच राहिलेला. पण सीतेचा त्याग करून आता बारा वर्षं उलटली आहेत.

जंगल त्याला चटकन ओळखू येत नाही. नदीने पात्र बदललंय, पूर्वी पाणी होतं तिथे रेती दिसते. दाट झाडी होती तिथे विरळ झाली, मोकळं रान होतं तिथे दाटली. आपण भलत्याच ठिकाणी तर आलो नाही ना, असं वाटायला लागतं. शेवटी डोंगर पाहून खात्री पटते. ते जागच्या जागी आहेत.

सालेकसा, दरेकसाकडच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. रस्ता नवा झाला, स्टेशनचं रूप पालटलं, तरी रेल्वेच्या खिडकीतून डोंगर दिसले की घर जवळ आल्याचं कळतं.

खरं दुःख पुढे आहे

जागा ओळखली की आठवणी येतात. तिसऱ्या अंकात राम पंचवटीत पोचतो. सीतेने वाढवलेलं हत्तीचं पिल्लू आता मोठा हत्ती झालंय. तिने वाढवलेला कदंब आहे, तिचा मोर आहे. सीता स्वतः तिथेच आहे, पण गंगेच्या वरामुळे ती रामाला दिसत नाही. म्हणून या अंकाला 'छाया' म्हणतात.

इथे भवभूती साध्या हळहळीच्या पुढे जातो. नदी आपल्या गतीने बदलली, झाडं आपल्या गतीने वाढली. सीता मात्र रामाच्या निर्णयामुळे दुरावली. परत आलेल्या माणसाला बदललेल्या रानासोबत स्वतःचा हिशेबही द्यावा लागतो.

गावाबद्दलच्या बऱ्याच कविता इथेच कमी पडतात. गाव बदललं एवढंच त्या सांगतात. आपण गेल्यावर म्हाताऱ्या मायबापाने रोवणी कशी केली, बांधी कोणाला ठेक्याने दिली, बोडीतला गाळ काढायला कोण उरलं, हे त्यात येत नाही. गाव बदलण्यात आपल्या जाण्याचाही वाटा असतो.

लिहायचं असेल तर

मोबाइलवर चार ओळी लिहिणारे आता गावोगावी आहेत. भवभूतीकडून त्यांना तीन गोष्टी घेता येतील :

– 'सगळं बदललं' असं मोघम लिहू नका. नेमकं काय, कुठे बदललं ते सांगा.
– काय टिकून आहे तेही शोधा. टेकडी, विहीर, एखादं आडनाव, मंडईतली दंडार.
– आपण नसताना हे कोणी सांभाळलं, ते लिहा.

आणि भाषेची लाज नको. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचे शब्द जपण्यासाठी मोठं काम केलंय. बोडी बुजल्यावर 'बोडी' हा शब्दही हळूहळू जातो. पुढच्या पिढीला तो कदाचित एखाद्या कवितेतच सापडेल. त्यामुळे घरच्या म्हाताऱ्या माणसांना शेतांची, तळ्यांची, झाडांची जुनी नावं विचारून घ्या. ती सांगणारी माणसं आहेत तोवरच हे काम होईल.